स्टॅनविक्सच्या तटावरचे पट्टे

मुंबईच्या १९२८ सालच्या गिरणी संपाविषयी वाचताना फॉसेट समितीचं नाव येतंच. लाल बावट्यामागे उभ्या राहिलेल्या कामगारांची गाऱ्हाणी तपासणाऱ्या या समितीचे अध्यक्ष सर चार्ल्स फॉसेट हे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. याच गृहस्थांनी निवृत्तीनंतर, १९३७ साली, ‘मरिनर्स मिरर’ या नौकानयनाच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय असा की, अमेरिकेच्या झेंड्यावरचे तांबडे-पांढरे पट्टे आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बावट्यावरून! संपाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्तींचं हे दुसरं वेड कळल्यापासून मी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लाकूड-मातीच्या किल्ल्याच्या मागे लागलो आहे.

फोर्ट स्टॅनविक्स. मोहॉक नदी आणि वुड क्रीक यांच्यामधल्या कोरड्या पट्टीवर हा किल्ला इंग्रजांनी १७५८ साली बांधला. पूर्वेला मोहॉकवरून हडसन आणि न्यूयॉर्क बंदर, पश्चिमेला वुड क्रीकवरून ओंटारिओ सरोवर. मधली वाट ओनायडा या तिथल्या मूळ रहिवाशांची. तिथे होड्या पाण्याबाहेर काढून माल वाहून न्यावा लागे. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी गड असतो, तसाच हा. १७६८ साली इथेच ओनायडा धरून इरोक्वा राष्ट्रांनी ओहायो नदीच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला. पुढे किल्ला ओस पडला. १७७६ मध्ये बंडखोर अमेरिकनांनी तो डागडुजी करून ताब्यात घेतला आणि त्याला फोर्ट स्कायलर म्हणू लागले.

ऑगस्ट १७७७ मध्ये बॅरी सेंट लेजरच्या इंग्रज फौजेनं वेढा घातला तेव्हा आत होता कर्नल पीटर गॅन्सव्होर्ट आणि त्याच्या हाताखाली मरिनस विलेट. किल्ल्याला झेंडाच नव्हता, म्हणून तो आतच शिवला गेला. विलेटच्या आठवणींप्रमाणे पांढरे पट्टे शिपायांच्या सदऱ्यांचे, निळा भाग शत्रूकडून मिळवलेल्या एका डगल्याचा आणि तांबडं कापड मिळेल तिथून गोळा केलेलं. ६ ऑगस्टला विलेटनं बाहेर पडून शत्रूची छावणी लुटली आणि तिथले पाच झेंडे आणून याच झेंड्याखाली लटकवले. सुमारे तीन आठवड्यांनी वेढा उठला.

यावरून दंतकथा तयार झाली की, तारे आणि पट्टे असलेला झेंडा लढाईत पहिल्यांदा फडकला तो इथेच. पण ताऱ्यांबद्दल विलेट चकार शब्द काढत नाही. झेंड्यासाठी ज्याचा डगला गेला त्या कॅप्टन स्वार्टवाउटनं वर्षभरानं गॅन्सव्होर्टला पत्र लिहून बदली कापड मागितलं. त्यातही नुसता निळा डगला झेंड्याला वापरल्याचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या काँग्रेसनं ताऱ्यांचा ठराव १७७७ च्या १४ जूनला केला, पण तो रीतसर प्रसिद्ध व्हायला सप्टेंबर उजाडला. वेढ्याच्या तोंडावर आलेल्या कुमकेनं तोंडी बातमी आणली असेल, असं दंतकथेचे पाठीराखे म्हणतात. असेलही. पण निळं कापड काही एकट्या ताऱ्यांनाच लागत नाही. त्याआधीच्या ‘ग्रँड युनियन’ झेंड्यात कोपऱ्यात इंग्रजांचा ‘युनियन’ झेंडा आणि बाकी तेरा पट्टे होते. तो डिसेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाला ‘आल्फ्रेड’ या जहाजावर चढला होता आणि शिपायांच्या ओळखीचा होता. माझ्या मते स्टॅनविक्सवर फडकला तो हाच. तसं असेल तर १७७७ साली त्या रानातल्या तटावर कंपनीच्या बावट्याचं जुळं भावंड उभं होतं.

कारण १७०७ नंतरचा कंपनीचा बावटा हुबेहूब असाच होता: कोपऱ्यात युनियन, बाकी तांबडे-पांढरे पट्टे. पट्ट्यांची संख्या नऊपासून पंधरापर्यंत बदलायची. तेरा पट्ट्यांचेही बावटे होते. १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमारानं कंपनीचं ‘डर्बी’ जहाज पकडलं, त्यावरही हाच पट्टेरी बावटा असणार. म्हणजे अमेरिकनांनी तो चढवण्याच्या चाळीस वर्षं आधी कोकणच्या दर्यावर्द्यांनी तो उतरवलेला होता.

फॉसेटवरचा पहिला आक्षेप असा की, राजाच्या हुकुमाप्रमाणे हा बावटा सेंट हेलेनाच्या पलीकडेच लावायचा, मग अमेरिकनांनी तो पाहिला कुठे? पण खलाशी एका मालकाकडे आयुष्य काढत नाहीत, आणि बंदरात गप्पांना जकात नसते. दुसरा आक्षेप: ज्या कंपनीचा चहा १७७३ मध्ये बोस्टनच्या पाण्यात फेकला, तिचाच बावटा कोण उचलेल? पण चहा आणणारी जहाजं खाजगी मालकांची होती, कंपनीची नव्हती. शिवाय १७७५ मध्ये वसाहतींचं भांडण पार्लमेंटशी होतं, राजाशी उघड तुटलेलं नव्हतं. कोपऱ्यात राजाला जागा देऊन स्वतःची फौज बाळगणाऱ्या कंपनीचा नमुना त्यांना सोयीचाच होता.

वॉशिंग्टनच्या घराण्याच्या ढालीवर आडवे पट्टे होते म्हणून झेंड्यावर आले, ही कल्पना मला चाटूगिरीची वाटते. खरी तगडी प्रतिस्पर्धी कल्पना शिंप्याची आहे. ब्रिटिश नौदलाचा तांबडा झेंडा घ्या, त्यावर सहा पांढऱ्या पट्ट्या शिवा, सात तांबडे पट्टे आपोआप उरतात. तेरा वसाहती, तेरा पट्टे, काम फत्ते. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की, सुई शिंप्याची असली तरी तांबड्यावर पांढरं आडवं शिवायचं कोणाला तरी सुचलं, आणि तसा झेंडा शंभर वर्षं समुद्रावर हिंडत होता. आकडा वसाहतींचा, हे मला मान्य आहे. नमुना मी फॉसेटच्या पदरात टाकतो.

किल्ला १७८१ मध्ये जळाला. आज रोम या गावात उभा आहे तो १९७० च्या दशकात पुन्हा बांधलेला. तिथे जाणं नाही जमलं तरी चालेल. अठराव्या शतकातलं मुंबई बंदराचं एखादं चित्र संग्रहालयात दिसलं, तर इंग्रजी जहाजाच्या मागच्या काठीकडे जरूर बघा, आणि पट्टे मोजा.