नीळ: चिमूटभर टाकली तर पांढरी, मूठभर टाकली तर निळी

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, बसमध्ये हेडफोन विसरतात, त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लिहून देतोय. आजचा विषय भिंतीचा रंग, आणि रंग एकच: निळा. कॅटलॉगमध्ये 'डस्टी ब्लू' की काय म्हणतात तो नाही, बाळाच्या खोलीतला फिकट आकाशी पण नाही. गडद, भडक, लांबून दिसणारा निळा. गावाकडे माळवदाच्या घरात कोनाड्याच्या आत, दाराच्या चौकटीभोवती किंवा कमरेइतक्या उंचीच्या पट्ट्यात असायचा तो.

हा रंग यायचा कुठून? डब्यातून नाही. दिवाळीच्या आधी चुन्याची कळी आणायची आणि पिंपात पाण्यात टाकायची. चुना खदखदायला लागतो, वाफा निघतात, त्यामुळे पोरांना तिथून हाकलायचं. मग तो मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक किंवा सरस घालायचा आणि शेवटी नीळ. तीच कपड्याची नीळ, पुडीतली. चुना वाळला की किंचित पिवळट दिसतो. निळा हा पिवळ्याच्या विरुद्धचा रंग, म्हणून चिमूटभर टाकला की डोळ्याला भिंत जास्त पांढरी वाटते. शर्टाचं पण हेच लॉजिक. आणि तीच नीळ मूठभर टाकली की भिंत सरळ निळी. म्हणजे शेजारच्या घराची पांढरीशुभ्र भिंत आणि आपली निळी भिंत एकाच पुडीतून निघालेल्या असू शकतात. फरक फक्त प्रमाणाचा.

आता 'नीळ' या शब्दात एक गंमत आहे. मूळ नीळ म्हणजे झाड. त्याची पानं पाण्यात कुजवून, घुसळून जो रंग काढतात तो. बंगालात १८५९ मध्ये शेतकऱ्यांनी या नीळीच्या सक्तीविरुद्ध उठाव केला, १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच पिकासाठी. दरम्यान १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि झाडाचा धंदा बसायला लागला. शाळेत आपण हे सगळं वाचलंय. पण शाळेत हे सांगत नाहीत की दुकानात 'नीळ द्या' म्हटल्यावर जी निळी पूड मिळायची, तिचा या झाडाशी काही संबंध नव्हता. शब्द झाडाचा राहिला, माल बदलला.

पुडीतल्या मालाचं नाव अल्ट्रामरीन. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने बक्षीस जाहीर केलं: जो कोणी हा निळा रंग स्वस्तात, कृत्रिमरीत्या बनवेल त्याला ६,००० फ्रँक. १८२८ मध्ये ते ज्याँ बाप्तिस्त गिमे याला मिळालं. कृती ऐकाल तर विश्वास बसणार नाही. पांढरी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा. यातलं एकही निळं नाही. सगळं एकत्र करून भट्टीत तापवायचं, मग हवा देऊन भाजायचं, की गंधकाचे अणू तिघे-तिघे मिळून मातीच्या जाळीत अडकून बसतात. निळा रंग त्या अडकलेल्या गंधकाचा. लवकरच इंग्लंडमध्ये रेकिटसारख्या कंपन्या ही पूड धुण्यासाठी विकायला लागल्या, आणि आपल्याकडे 'रॉबिन ब्लू' घराघरात पोचली. (उजाला नंतरची, १९८३ ची. तिची जात वेगळी, तो द्रवरूप डाय आहे. चुन्यात तो नेमका कसा वागतो यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत.)

अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो याचं कारण साधं: त्याला अल्कली चालते. आम्ल मात्र चालत नाही. आम्ल पडलं की गंधक सुटतो आणि रंग उडतो, वर सडक्या अंड्यासारखा वास.

बरं, त्या संस्थेला १८२४ मध्ये बक्षीस लावायची एवढी गरज का पडली? कारण तोपर्यंत हा रंग एका दगडापासून यायचा आणि तो दगड भयंकर महाग होता. लाजवर्द, म्हणजे लॅपिस लाझुली. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून निघणारा. युरोपातले चित्रकार तो मेरीमातेच्या वस्त्रासाठी राखून ठेवायचे.

आणि इथे आपलं शहर गोष्टीत येतं.

क्रांती चौकातून निघालात तर साधारण १०० किलोमीटरवर अजिंठा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, तिथली १, २, १६, १७ क्रमांकाची लेणी कोरली आणि रंगवली गेली. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं, तसा शिलालेखच आहे. भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर चित्र. लाल आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा एका हिरव्या मातीचा. हे सगळे जवळपास मिळणारे रंग. निळा मात्र लाजवर्दाचा. बदख्शान ते अजिंठा सरळ रेषेत मोजलं तरी सतराशे-अठराशे किलोमीटर होतात, आणि माणसं काही सरळ रेषेत चालत नव्हती. व्यापाऱ्यांच्या हातातून, खिंडी ओलांडत तो दगड वाघूर नदीच्या त्या वळणापर्यंत आला, कुटला गेला आणि छतावर लागला.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? ही चारही लेणी विहार आहेत. म्हणजे राहायची जागा. मधे मोठी खोली, बाजूंनी भिक्खूंच्या झोपायच्या खोल्या. आपण त्यांना आर्ट गॅलरी समजून बघतो, पण कुणीतरी तिथे उठत होतं, बसत होतं. घर सजवायला गडद निळा वापरल्याचं आपल्या जिल्ह्यातलं याहून जुनं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि लाजवर्दातला निळा आणि रॉबिनच्या पुडीतला निळा, रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. तोच अडकलेला गंधक. राजाच्या मंत्र्याला परवडणारा रंग चौदाशे वर्षांनी किराणा दुकानात आला.

किराणा दुकानात आला आणि तिथेच त्याची किंमत गेली. डिस्टेंपर आला, मग इमल्शन. एशियन पेंट्सचा गट्टू, जो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला, हातात ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्यांवर दिसायला लागला. शहरात फ्लॅट झाले, भिंती क्रीम झाल्या, ऑफ व्हाइट झाल्या. निळी भिंत 'गावठी' ठरली. चुन्याला हात लावला की कपड्याला पांढरं लागतं, हीसुद्धा खरी तक्रार होती, नाही असं नाही.

पण 'गावठी' हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं कोणी कॅटलॉगमध्ये छापत नाही. मागच्या वर्षी आमच्या फ्लॅटला रंग द्यायचा होता. मी हॉलची एक भिंत गडद निळी म्हटली. काम घेणारा माणूस शेडकार्ड मिटून हळू आवाजात म्हणाला, "सर, निळा नका घेऊ. लोकांना वेगळं वाटतं. उद्या भाड्याने द्यायचा झाला तर?" वेगळं म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही आणि या शहरात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

१९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं केलं, त्याचा झेंडा निळा. पुढे १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला, त्याचाही निळा. १९५० मध्ये त्यांनी इथे कॉलेज काढलं, आजचं मिलिंद, आणि त्या परिसराला नागसेनवन नाव मिळालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी दलितांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, नामविस्तार म्हणून. या जवळपास सोळा वर्षांत निळा हा आपल्याकडे नुसता रंग राहिला नाही. कमानीवर, विहाराच्या भिंतीवर, घराच्या दर्शनी बाजूला तो मुद्दाम लागायला लागला, आणि १४ एप्रिलला क्रांती चौकात उभं राहिलात तर झेंड्यांशिवाय काही दिसत नाही. ज्यांनी लावला त्यांना तो 'आउट ऑफ फॅशन' कधीच नव्हता. ज्यांनी टाळला त्यांनी त्याला फॅशनचं नाव दिलं.

रंगाचा स्वतःचा यात काही दोष नाही याचा पुरावा जोधपूर. तिथल्या जुन्या शहरातली निळी घरं मूळची ब्राह्मणांची, असं तिथे सांगतात. चुना तोच, निळाही तोच, अर्थ पार दुसऱ्या टोकाचा.

आता हाच रंग मागच्या दाराने परत येतोय, व्हाया मोरोक्को. माराकेशमध्ये जॅक माजोरेल नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १९३७ मध्ये आपल्या बागेतलं घर झगझगीत निळं केलं. १९८० मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँ आणि त्याच्या जोडीदाराने ती बाग विकत घेतली, आणि आज तिथले फोटो तुमच्या फीडमध्ये असतातच. पॅरिसमध्ये इव्ह क्लाईनने १९६० मध्ये स्वतःच्या निळ्याची कृती नोंदवली. त्यातलं रंगद्रव्य कोणतं? कृत्रिम अल्ट्रामरीन. पूड तीच, फक्त तिला धरून ठेवणारी राळ वेगळी. पँटोनने 'क्लासिक ब्लू' हा २०२० या वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला. आता इंटिरिअरवाले 'अॅक्सेंट वॉल' म्हणून तोच गडद निळा सुचवतात आणि तेव्हा 'लोकांना वेगळं वाटेल' असं कुणी म्हणत नाही. इंग्रजी नाव लागलं की जात धुऊन निघते बहुतेक.

आमची भिंत निळी झाली. आईला पहिले दोन दिवस खोली अंधारी वाटली, मग तिने पितळी समया त्या भिंतीपाशी आणून ठेवल्या आणि आता पाहुण्यांना तीच दाखवते. रंगाला मात्र इमल्शनच वापरावं लागलं. जुन्या ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे निघतात. तुम्हाला चुना आणि नीळच करायची असेल तर आधी भिंत खरवडून प्लास्टरपर्यंत जा, भिंत ओली करून हात मारा, आणि नीळ आधी वेगळ्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्यांचे ठिपके उठतात. ओला असताना रंग दिसतो त्याहून वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे आधी कोपऱ्यात एक हात मारून वाळू द्या.

आणि अजिंठ्याला गेलात तर १ आणि २ नंबरच्या लेण्यांत माना वर करून छत बघा. आत अंधार असतो, फ्लॅश चालत नाही, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. सोमवारी बंद असतं.