गिरणगावातली झोप

लहान मुलांना रोज ठरलेल्या वेळी, गडबड न करता निजवावे, हा सल्ला आता घरोघर पोचला आहे. संध्याकाळी आंघोळ, हलके जेवण, एखादी गोष्ट, मग दिवा मंद. सल्ला बरोबरच आहे. पण तो देणारे एक गोष्ट गृहीत धरतात: संध्याकाळी घरात एक मोठे माणूस आहे आणि त्याला सवड आहे. मूल वेळेवर झोपत नसेल तर दोष आईबापांच्या शिस्तीचा, असा निकाल मग आपोआप लागतो. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला तर हा निकाल टिकत नाही. मुलाची झोप हा सवयीचा प्रश्न खराच, पण त्याआधी तो मोठ्यांच्या वेळेचा प्रश्न आहे.

जुन्या मराठी घरातली दिवेलागण आठवली की तिथे एक नीट लावलेला क्रम दिसतो. हातपाय धुणे, देवापाशी दिवा, शुभंकरोती, मग परवचा. परवच्यात पाढे, पावकी-निमकी-दिडकी, तिथी, नक्षत्रे, सगळे ठेक्यात म्हणायचे. त्यानंतर जेवण, आणि अंथरुणावर आजीची गोष्ट किंवा धाकट्यासाठी अंगाई. आजच्या बालतज्ज्ञाला यात सुधारण्यासारखे फारसे सापडणार नाही. मात्र हा क्रम कोणी मुलांच्या झोपेसाठी आखलेला नव्हता. तेल महाग होते, अंधारात करण्यासारखे काम थोडे होते, आणि सगळे घरच लवकर मिटत होते. मूल त्या घराबरोबर मिटत असे. यावर आक्षेप येईल की ही वाड्यातल्या, लिहित्यावाचत्या जातींच्या घरांची गोष्ट झाली. परवच्यापुरता तो मान्य करायला हवा. पाढे म्हणायला शाळेची पायरी चढलेली असावी लागते. अंगाई आणि ओवी मात्र कोणा एका जातीच्या मालकीची नव्हती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत तान्ह्या बाळाला केवढी जागा आहे ते पाहावे. वाडा असो की खोपट, एवढे मात्र लागायचेच: दिवेलागणीला घरात कोणीतरी असणे.

गिरणीने नेमके तेच काढून घेतले. 1920 च्या सुमारास मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या म्हणजे मुकादम बाईच्या हाताखाली. भोंगा वाजायच्या आत फाटकाशी हजर राहायचे, आणि दिवसभर खात्यात राबून चाळीतल्या एका खोलीत परतायचे. तिथे चूल, पाणी आणि धुणे तिची वाटच पाहत असे. सासू किंवा नणंद गावी राहिलेली. तान्हे मूल शेजारच्या म्हातारीपाशी, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. अशा घरात अंगाईची जागा बाळागोळीने घेतली. बाळागोळी म्हणजे अफूची गोळी. 1922 साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबईतल्या कामगार स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी 98 टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांच्या अहवालात नोंदले आहे आणि तो अहवाल सरकारी ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला गेला. शंभरातल्या दोनच मुलांना ती मिळत नव्हती. अफूने मूल गुंगीत पडते, रडत नाही, त्याची भूकही मरते. दूध मागितले जात नाही आणि मूल वाळत जाते. मात्रा जास्त झाली तर श्वासच थांबतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते शहाणे, शांत मूल वाटते. ही अफू चोरून आणावी लागत नसे. सरकारी परवान्याच्या दुकानात ती मिळे आणि अबकारी उत्पन्न तिजोरीत जाई. मुलांना झोपवण्याच्या या धंद्यात सरकारही भागीदार होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

याला अडाणीपणा म्हणून हातावेगळे करणारे तेव्हाही होते आणि आजही निघतील. अफू गावातही होतीच, मग गिरणीला दोष का, असेही विचारता येईल. गावाकडे पोरांना अफू चाटवत नव्हते असे नाही. पण अडाणीपणाच कारण असता तर तो मँचेस्टरला का दिसावा? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्या गावांत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ नावाचा अफूचा गोड पाक याच कामासाठी खपत होता. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हवा वेगळी. सारखी होती ती फक्त गिरणी, आणि तिच्यात दिवस घालवणारी आई. गोळी देणाऱ्या आईला परिणाम कळत नव्हता असे मानण्याचेही कारण नाही. खाडा केला तर पगार कापला जाई, रडणाऱ्या मुलाला घेऊन साच्यापाशी उभे राहता येत नसे. उरलेल्या वाटांतली तिला त्यातल्या त्यात बरी वाटलेली वाट तिने धरली.

सुधारणा सुरू झाली तीही उपदेशाने नव्हे, वेळ परत देण्याने. कामगार नेते ना. म. जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, ते पडले. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात तशाच विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या काळात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला पहिला. लाभ काही आठवड्यांपुरताच होता, आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाणच घटत गेले. मालकांनी कायद्याचा खर्च टाळला की यंत्रे आणि पाळ्या बदलल्या, यावर वाद आहे, बहुधा दोन्ही. 1948 च्या कारखाने कायद्याने 50 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. कायद्याच्या भाषेत तरी तान्ह्या मुलाची दिवसाची झोप ही आता मालकाचीही जबाबदारी झाली.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूती लाभाचे तत्त्व देशभर नेले. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांवर गेली आणि 50 किंवा अधिक माणसे काम करतात तिथे पाळणाघर ठेवण्याचे बंधन आले. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत संध्याकाळी सातला दुसऱ्यांच्या मुलांना भरवणाऱ्या, निजवणाऱ्या घरकामगार बायका मात्र त्या कायद्याच्या बाहेरच राहिल्या.