मार्गशीर्षाचा पंधरवडा : बीदर-कलबुर्गी पठारावरील हिवाळी पर्यटन

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेला बीदर जिल्ह्यातील औराद तालुका महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांना भिडतो. चिंताकी हे गाव याच तालुक्यातले. येथून दक्षिणेस भीमेच्या खोऱ्यापर्यंतचा प्रदेश म्हणजे जांभा दगडाची माळराने आणि काळ्या मातीची शिवारे. गोव्याच्या दमट, हिरव्या भूमीतून जाणाऱ्या पर्यटकास हा कोरडा मुलूख प्रथमदर्शनी उजाड वाटतो. मात्र शरद ऋतू सरून हेमंत लागला की त्याचे रूप पालटते. येथील सहलीचे नियोजन सुट्ट्यांपेक्षा पंचांग पाहून केल्यास ती अधिक फलदायी ठरते.

ऋतुमान

उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पावसाळा संपल्यानंतरही ऑक्टोबरचा भरवसा नसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेल्या महापुराने नदीकाठची अनेक गावे वेढली होती. त्यामुळे नदीकाठच्या क्षेत्रांची यात्रा दिवाळीनंतर ठेवणे श्रेयस्कर. डिसेंबरमध्ये आकाश निरभ्र आणि दुपार सुसह्य असते. मात्र सुमारे ६६० मीटर उंचीवरील बीदरमध्ये पहाटेचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते. गोमंतकीयांनी उबदार कपडे आवर्जून न्यावेत.

या हंगामातील दोन मोठे प्रसंग एकाच पंधरवड्याच्या दोन टोकांना येतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्त जयंती आणि मार्गशीर्ष अमावास्येला येळवस. २०२४ मध्ये हे दिवस १४ व ३० डिसेंबरला, तर २०२५ मध्ये ४ व १९ डिसेंबरला आले. अधिक मास आलेल्या वर्षी अमावास्या जानेवारीतही जाऊ शकते.

पौर्णिमा : गाणगापूर व माणिकनगर

कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील गाणगापूर हे श्रीनृसिंह सरस्वतींचे क्षेत्र. पहाटे भीमा-अमरजा संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचे दर्शन आणि माध्यान्ही मधुकरी हा येथील क्रम. सोलापूर-वाडी लोहमार्गावरील गाणगापूर रोड स्थानक क्षेत्रापासून सुमारे २० किलोमीटर दूर आहे, हे ध्यानात ठेवावे.

हुमनाबादजवळील माणिकनगर हे श्रीमाणिकप्रभूंचे (१८१७-१८६५) स्थान. प्रभूंचा जन्मही दत्त जयंतीचाच. या काळात येथे भरणारा दरबार आणि त्यातील संगीतसेवा यांची परंपरा मोठी आहे. दोन्ही ठिकाणी पौर्णिमेला अलोट गर्दी होते. निवासाची सोय आधी करावी किंवा गर्दी ओसरल्यावर प्रतिपदेनंतर जावे.

मधले दिवस : किल्ले, लेणे आणि रान

कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद उघडे अंगण नसलेली, संपूर्ण घुमटांखाली झाकलेली आहे. सन्नतीजवळील कनगनहळ्ळीच्या स्तूपावर सम्राट अशोकाचे नाव कोरलेले शिल्प सापडले आहे. पुढे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. गोव्याचे कदंब त्यांचेच मांडलिक होते. बाराव्या शतकात बसवेश्वरांचा अनुभव मंटप येथेच भरला. जवळच्या जलसंगीच्या मंदिरातील लेखन करणारी शिलाबालिका पाहण्याजोगी आहे.

बीदरशी गोव्याचा संबंध आणखी थेट आहे. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला, आणि बीदरमधील त्याचा भव्य मदरसाही त्याच वर्षी पूर्ण झाला. किल्ल्यातील रंगीन महाल, अष्टूरच्या घुमटांतील रंगकाम आणि नौबाद येथील करेज हे भूमिगत जलमार्ग यांसाठी किमान दोन दिवस हवेत. पाण्याची वानवा असलेल्या पठारावर शहर कसे वसवले गेले, याचे उत्तर या करेजमध्ये मिळते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम करणाऱ्या बिदरी कारागिरांकडूनच वस्तू घेतल्यास मोल योग्य हाती पडते.

निसर्गप्रेमींसाठी चिंचोळीचे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. दक्षिण भारतातील कोरड्या प्रदेशातील पहिले अभयारण्य अशी त्याची ओळख. चंद्रमपळ्ळीचा जलाशय याच रानात आहे. प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. हिवाळ्यात गवत वाळलेले असल्याने आग पेटवू नये.

अमावास्या : येळवस

पंधरवड्याचा शेवट शिवारात होतो. येळवशीला औराद, भालकीपासून लातूर, धाराशिवपर्यंतची शेतकरी कुटुंबे शेतात जातात. कडब्याची कोप उभारून पूजा करतात. मग शेंगादाणे-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील यांची पंगत बसते. वाटसरूलाही जेवायला हाक मारण्याची रीत आहे. शहरांतील रस्ते त्या दिवशी ओस पडतात आणि अनेक दुकाने बंद असतात, म्हणून प्रवासाची आणि जेवणाची तजवीज आदल्या दिवशीच करावी.

ओळखीच्या घरचे निमंत्रण असल्यास जरूर जावे; पण हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे, याचे भान राखावे. त्या वेळी तूर काढणीला आलेली आणि ज्वारी उभी असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष त्या पिकावर अवलंबून असते. बांध सोडून चालू नये, छायाचित्रांसाठी पिकात शिरू नये, मागे प्लास्टिक टाकू नये.

प्रवास

गोव्याहून बेळगाव, विजापूरमार्गे कलबुर्गी हा रस्त्याने पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. कलबुर्गी-बीदर हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाल्याने पुढचा टप्पा सुलभ झाला आहे. संपूर्ण पंधरवडा शक्य नसल्यास सहा-सात दिवसांत एकच टोक गाठावे. भक्तिभाव असेल तर पौर्णिमा धरावी. हा मुलूख ज्यांच्या श्रमावर उभा आहे त्यांना भेटायचे असेल तर अमावास्या.