भुकेचा निरोप

माझी आत्या पंगतीत कधी पोटभर जेवली नाही. लग्नकार्यात ती शेवटच्या पंगतीला बसायची आणि वाढपी जवळ आला की पानावर हात आडवा धरायची. तरी कुणीतरी म्हणायचंच, "जेवत तर काही नाहीत, मग हे अंग येतं कुठून?" विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायचं. आम्हा भाचरांनाही होतं, कारण रात्री स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलेलं आम्ही ऐकलं होतं आणि सकाळी त्यावर हसलोही होतो. तिनं दोनदा जिद्दीनं वजन उतरवलं. दोन्ही वेळा ते परत आलं, वर थोडं जास्तच. घरानं निकाल देऊन टाकला : तोंडावर ताबा नाही.

हा निकाल फक्त आमच्या घराचा नव्हता. विसाव्या शतकातला बराच काळ डॉक्टरही लठ्ठ माणसाला थोड्याफार फरकानं हेच ऐकवत होते. कमी खा, जास्त हिंडा. जमत नसेल तर दोष तुझा. या समजुतीला तडा कसा गेला, हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. तो तडा पाडला उंदरांनी.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. संशोधनासाठी उंदरांची वाणं जपणं, वाढवणं हे तिचं काम. १९४९च्या उन्हाळ्यात तिथल्या पिंजऱ्यांत काही उंदीर भलतेच गोल होताना दिसले. त्यांची भूक भागतच नव्हती. मोठे झाल्यावर त्यांचं वजन इतरांच्या तिप्पट भरे. एका जनुकातला दोष पिढ्यांमधून उतरत होता. त्या जनुकाला 'ओबी' म्हणू लागले. १९६०च्या दशकात त्याच प्रयोगशाळेत आणखी एक लठ्ठ वाण सापडलं. त्याला मधुमेहही होता, म्हणून त्याच्या जनुकाचं नाव पडलं 'डीबी'. दिसायला दोघे सारखे, पण दोष वेगवेगळ्या जनुकांत.

डग्लस कोलमन हा मूळचा कॅनडाचा जीवरसायनशास्त्रज्ञ तेव्हा तिथे काम करत होता. त्यानं दोन उंदरांची शरीरं कुशीपाशी शिवून जोडली, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात थोडंथोडं जाईल. वाचताना अंगावर काटा येतो. पण प्रश्न सरळ होता. रक्तातून काही निरोप जातो का?

डीबी उंदराला साध्या उंदराशी जोडलं, तर साध्या उंदरानं खाणं सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. अन्न समोर होतं. डीबी मात्र लठ्ठच राहिला. ओबीला साध्या उंदराशी जोडलं, तर ओबी कमी खाऊ लागला आणि दोघेही जगले. शेवटी ओबी आणि डीबी एकमेकांना जोडले, तेव्हा ओबी उपाशी मेला. कोलमननं यातून हिशेब मांडला. रक्तात 'पुरे' असं सांगणारा एक पदार्थ आहे. ओबीला तो तयारच करता येत नाही. डीबी तो भरपूर तयार करतो, पण त्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. १९७३पर्यंत हा तर्क पुरा झाला होता. पदार्थ मात्र हाती लागत नव्हता, आणि लठ्ठपणा हा खाण्याच्या सवयींचा प्रश्न आहे असं मानणाऱ्या अनेकांना हा तर्क पटतही नव्हता.

पदार्थ सापडायला पुढची वीस वर्षं लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ आठ वर्षं उंदराच्या गुणसूत्रावर ओबी जनुकाचा माग काढला. डिसेंबर १९९४मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. ते जनुक चरबीच्या पेशींतच काम करत होतं आणि एक संप्रेरक घडवत होतं. ग्रीक भाषेतल्या 'लेप्टोस', म्हणजे 'बारीक', या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं लेप्टिन. शरीराची अडगळ समजली जाणारी चरबी मेंदूशी बोलत होती.

मग पैसा धावला. ॲम्जेन कंपनीनं लेप्टिनच्या हक्कांसाठी सुरुवातीलाच दोन कोटी डॉलर मोजले. १९९५मध्ये लेप्टिन टोचलेल्या ओबी उंदरांनी दोन आठवड्यांत सुमारे ३० टक्के वजन गमावल्याचं प्रसिद्ध झालं. आता एक सुई आणि लठ्ठपणा संपला, असं वाटण्याचे ते दिवस होते.

पण १९९६मध्ये माणसांच्या रक्तात लेप्टिन मोजलं, तेव्हा लठ्ठ माणसांत ते कमी नव्हे, जास्त निघालं. बहुतेक लठ्ठ माणसं ओबीसारखी नव्हती. निरोप जात होता, पोचत नव्हता. १९९९मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत चोवीस आठवडे लेप्टिन घेणाऱ्यांचं वजन सरासरीनं थोडंसंच उतरलं. कुणाचं बरंच, कुणाचं काहीच नाही. बाजाराच्या दृष्टीनं गोष्ट इथे संपली.

माझ्यासाठी ती इथे सुरू होते. इंग्लंडमधल्या केंब्रिजला स्टीफन ओराहिली आणि सदफ फारुकी यांच्याकडे मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं आली होती. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा. जन्मतः वजन नेहमीसारखं. नंतर न थांबणारी भूक. तपासलं, तर त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. १९९७मध्ये हे छापून आलं. बार हार्बरच्या उंदराचा दोष माणसातही सापडला होता.

त्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं तेव्हा तिचं वजन ९४ किलो होतं. वर्षभरात ते १६ किलोंनी उतरलं, आणि उतरली ती बहुतांशी चरबीच. पण मला त्या आकड्याहून मोठं वाटतं ते हे, की सुरुवातीच्या काही दिवसांतच तिचा खाण्याचा ध्यास ओसरू लागला. कुणी तिला शिस्त लावली नव्हती. घर तेच, आईबाप तेच. एक निरोप फक्त पोचू लागला होता.

पुढे लेप्टिनचं खरं काम अधिक स्पष्ट झालं. ते मुख्यतः जाड होऊ नये म्हणून घातलेला लगाम नाही. ती दुष्काळाची घंटा आहे. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि मेंदू समजतो की बाहेर अन्न नाही. तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च आवरतो. हे उपाशी माणसाला जगवणारं जुनं शहाणपण आहे. पण जिद्दीनं वजन उतरवलेल्या माणसाच्या बाबतीतही मेंदू तेच करतो. आत्याचं वजन दोनदा परत आलं, तेव्हा तिच्या आत काय चाललं असेल याचा अंदाज मला हे वाचल्यावर आला. रात्री वाजलेल्या झाकणाचाही.

समजूत मात्र विज्ञानाच्या वेगानं बदलत नाही. २००९मध्ये केंब्रिजच्याच गटानं अतिलठ्ठ मुलांमधला आणखी एक जनुकीय दोष दाखवला. त्यातल्या काही मुलांची नावं समाजकल्याण खात्यानं 'धोक्यात असलेल्या मुलां'च्या यादीत घातली होती. आईबाप मुद्दाम कोंबून खायला घालतात, असा समज होता. कारण कळल्यावर ती नावं काढली गेली. आमच्या घरात यादी नव्हती, त्यामुळे नाव काढायचीही सोय नव्हती.

कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१०मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आज गाजतात ती इंजेक्शनं लेप्टिनची नाहीत. ती आतड्यातल्या दुसऱ्या संप्रेरकाची नक्कल करतात. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं. हे ऐकून लोक म्हणतात, म्हणजे काही उपयोग नाही. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर आपण असं म्हणत नाही.

मागच्या दिवाळीत मी आत्याला त्या मुलीची गोष्ट सांगितली. उंदीर, सुया, लेप्टिन, सगळं. झाकणाच्या आवाजाबद्दलही बोललो. ते बोलायला मला तीस वर्षं लागली होती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, मला खरंच भूक लागायची. कुणी विचारलंच नाही." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या पोरीला मग पोटभर जेवायला देत होते ना?"

"हो," मी म्हणालो. "देत होते."

तिनं चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि एक चकली स्वतःही घेतली.