मोडीच्या भावातली भातुकली

सरकारी कचेरीत कारकुनाच्या वाट्याला ज्या वह्या येतात त्यांत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. खुर्ची कधी घेतली, कितीला घेतली, तिच्या पाठीवर रंगाने कुठला नंबर घातला, मोडली केव्हा, लिलावात कितीला गेली, असा एकेका खुर्चीचा जन्मापासून मरणापर्यंतचा वृत्तांत त्यात असतो. ही वही नव्या भरतीच्या मुलांना शिक्षा वाटते. मलाही वाटायची. पण बाहुलीघरांच्या इतिहासात शिरल्यापासून माझे मत बदलले. कारण ज्या पहिल्या बाहुलीघराची आपल्याला नीट माहिती आहे, ते आज अस्तित्वातच नाही. उरली आहे ती एका कारकुनी माणसाने केलेली यादी.

बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ च्या सुमारास म्युनिकमध्ये हे घर करवून घेतले. लेकीसाठी म्हणून करवले असे सांगतात, पण ते गेले त्याच्या अजबखान्यात, दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात. १५९८ साली योहान फिकलर नावाच्या गृहस्थाने त्या संग्रहाची जंत्री केली, तिच्यात या घराचाही तपशील आला. तबेला, गोठा, दारूचे तळघर, स्वयंपाकघर, नाचाचे दालन, प्रार्थनाघर. पुढे १६७४ मध्ये आग लागली आणि घर जळून गेले. फिकलरसाहेबांनी कंटाळा केला असता तर आज त्याच्या गोठ्याची वार्ताही कुणाला नसती.

हे सगळे मी का वाचत बसलो ते सांगतो. गेली दहा-बारा वर्षे मला भातुकली जमवण्याचा नाद आहे. पितळेची, तांब्याची, लाकडाची, मातीची, मिळेल ती. आमच्याकडे कोकणीत याला बुडकुल्यांचा खेळ म्हणतात. पन्नाशीकडे झुकलेला पुरुष बाजारात बुडकुली शोधत हिंडतो म्हटल्यावर लोक हसतात. हसोत. पगार कारकुनाचा, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत पाऊल टाकायची सोय नाही. आमची धाव म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत, फार तर बांदा ओलांडून सावंतवाडीच्या चितारआळीपर्यंत. स्वस्तात काय मिळेल हाच पहिला प्रश्न. आणि हा प्रश्न मनात ठेवूनच मी युरोपातल्या बाहुलीघरांचे वाचत गेलो, तेव्हा माझ्यासारखीच एक बाई मला तिथे भेटली. तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सतराव्या शतकातली ती घरे मुलांच्या हातात द्यायची नव्हतीच. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहरात १६३१ साली आना क्योफर्लिन नावाच्या बाईने एक मोठे बाहुलीघर तयार करून पैसे घेऊन लोकांना दाखवले. मुलींनी ते नुसते डोळ्यांनी बघायचे आणि संसार कसा मांडावा, कुठली वस्तू कुठे असावी हे शिकायचे, असा तिचा हेतू होता. आपल्या भातुकलीचाही हेतू तोच, पण आपल्याकडे मुलींच्या हातात भांडी दिली आणि खोटा का होईना भात शिजवायला लावला. पद्धत आपली बरी, असे आपले माझे मत.

हॉलंडमध्ये मात्र प्रकरण वेगळ्याच थराला गेले. आम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन या रेशीमव्यापाऱ्याच्या बायकोने १६८६ ते १७१० या काळात एका भल्यामोठ्या कपाटात घर मांडले. आज ते तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यातली चिनीमातीची भांडी खास बनवून घेतलेली, फरशी संगमरवरी, टोपल्या विणणाराने विणलेल्या, तसबिरी खऱ्या चित्रकारांनी रंगवलेल्या. खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाला असावा असा अंदाज आहे. तेवढ्या पैशात त्या काळी कालव्याकाठी खरेखुरे राहते घर आले असते! वस्तू लहान म्हणून मजुरी लहान होत नाही. उलट डोळे जास्त ताणावे लागतात. बाजारात 'एवढ्याशा तांब्याला एवढे पैसे?' असे आपण म्हणतो तेव्हा हे विसरतो.

आता ती बाई. सारा रोथे. तीही आम्स्टरडॅमच्याच एका व्यापाऱ्याची बायको. १७४३ साली लिलावात तीन जुनी बाहुलीघरे निघाली, ती तिने घेतली. म्हणजे सेकंड हँड! मग त्या तिन्हींतले सामान काढले, काही दुरुस्त केले, काही नवे बनवून घेतले आणि त्यातून आपली दोन घरे मांडली. त्यातले एक आज हार्लेमला आणि दुसरे द हेगला संग्रहालयात आहे. तिने आणखी एक काम केले, ज्यासाठी माझ्यासारख्याने तिला नमस्कार करावा. तिने वह्या ठेवल्या. कुठल्या खोलीत काय आहे, काय घेतले, कितीला घेतले, सगळे टिपून ठेवले. चोख डेड स्टॉक रजिस्टर.

पण या हिशेबात एक बाजू आहे, जी मला पहिल्यांदा वाचताना दिसलीच नाही. तीन घरांची दोन घरे झाली, म्हणजे आधीची तीन घरे मोडली. ती कुणीतरी आपल्या मनाने मांडलेली होती. कुठल्या खुर्चीशेजारी कुठला दिवा ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेले होते. ते सगळे गेले. वस्तू राहिल्या, घर गेले. ही गोष्ट मला कशी उमगली ते पुढे सांगतो.

स्वस्ताईचा खरा इतिहास मात्र हॉलंडात नाही, तो जर्मनीतल्या एर्ट्सगेबिर्ग डोंगरांत आहे. झाइफेन हे तिथले गाव कथलाच्या खाणींवर जगत होते. खाणी आटल्या तसे लोक लाकडी खेळण्यांकडे वळले. खाणबंदीची झळ म्हणजे काय हे २०१२ नंतर आम्हा गोवेकरांना वेगळे सांगायला नको. तर या लोकांनी एक अजब युक्ती काढली. ओल्या लाकडाची चकती पाण्यावर चालणाऱ्या चरकावर चढवायची आणि तिला अशा खाचा पाडत जायचे की शेवटी एक कडे तयार होते. ते कडे केकसारखे उभे कापले की प्रत्येक फोडीत एक घोडा किंवा गाय! एका कड्यातून डझनांनी जनावरे. कातणाऱ्याला काम चालू असताना जनावर दिसतच नाही, तो अंदाजाने कातत असतो. मग घरोघरी बायकामुले बसून ती रंगवत, काड्यापेटीएवढ्या डब्यांत भरत, आणि मोठे व्यापारी ती जगभर पाठवत. डबी कवडीमोलाने विकली जाई कारण ती रंगवणाऱ्या पोराच्या हातावर त्याहून कमी पडत असे. स्वस्त वस्तूच्या किमतीतला उरलेला भाग कुणीतरी आधीच भरलेला असतो.

आपल्याकडचे चितारी काही फार वेगळे नाहीत. सावंतवाडीला आणि गोव्यात कुंकळ्ळीला चरकावर लाकूड फिरवून त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याचे पान फिरवले की अशी झळाळी येते की तैलरंगाने कधी येणार नाही. पोळपाट-लाटणे, पाट, पाळणा, भोवरे. जुने लाखकाम ओळखायचे असेल तर वस्तू उलटी करून तळ बघा. चरकाच्या बारीक गोल रेघा दिसतात, आणि लाखेचा रंग लाकडात मुरल्यासारखा असतो, पापुद्र्यासारखा सुटत नाही.

पितळेचेही तसेच. जुनी भातुकली पत्रा ठोकून केलेली असते, हलकी असते, बोट फिरवले की ठोक्यांच्या खुणा लागतात. आत कल्हईचे पांढरट अवशेष असले तर समजावे की कुण्या बापाने हौसेने खेळण्यालाही कल्हई करून घेतली होती. नवी असते ती बहुधा ओतीव, जड, आतून खरखरीत, आणि चिंच-मिठाऐवजी कसलेतरी पाणी लावून मुद्दाम काळी केलेली. आणि बाजारात गेल्यावर झाकण आधी विचारावे. भांडे राहते, झाकण हरवते. झाकणासकट डबा मिळाला तर जास्त घासाघीस करू नये.

एक गंमत सांगायची राहिली. पाश्चात्त्य हौशी मंडळी सगळे सामान एकास बारा या प्रमाणात घेतात. एक इंच म्हणजे एक फूट. विंडसरला राणी मेरीचे जे बाहुलीघर आहे, १९२४ चे, तेही याच प्रमाणात. ते रचणारा वास्तुशिल्पी एडविन ल्युटेन्स. त्याच वर्षांत हा माणूस तिकडे नवी दिल्लीही बांधत होता! आमच्या भातुकलीला असले प्रमाणबिमाण काही नाही. चूल तळहाताएवढी, तिच्यावरचे भाण बोराएवढे, आणि शेजारचे जाते दोघांना खाईल एवढे. पोर खेळते तेव्हा तिला ते खटकत नाही.

पण माझ्या दृष्टीने भातुकलीचे मोल आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. आमच्या घरात मोठे तांब्याचे भाण होते, पाणी तापवायचे. गिझर आला तशी ते मोडीत गेले. स्टील आले तशा कळशा, तपेली, पितळ्या गेल्या. मोडीत भाव वजनावर, म्हणून जे जितके जड ते तितक्या लवकर गेले. आई सांगते, मोडवाल्याने तिची भातुकलीही तागडीत घातली होती, काटा हललाच नाही, म्हणून त्याने ती परत ओट्यावर ठेवली. आज आमच्या घरात भाण कसे होते ते मुलाला दाखवायचे तर ते बोराएवढे भाणच काढावे लागते. रगडो, आदोळी, गिंडी, सगळे आता त्या डब्यातच शिल्लक आहे. हलके होते म्हणून वाचले. हे माझे लाडके सूत्र होते आणि चारचौघांत मी ते ऐटीत सांगत असे.

आता २०१९ मधला एक शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात एका कडेला गोणपाटावर जुनी भांडी मांडून एक म्हातारा बसला होता. त्याच्याकडे पितळेच्या भातुकलीचे एकोणीस नग होते. मी मोजले. हातात घेऊन पाहिले तर प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेले. 'चि.' मग एका मुलीचे नाव, 'हिस', आणि १९५८. ते नाव इथे लिहीत नाही. १९५८ म्हणजे भारत सरकारच्या आर्थिक नाकेबंदीचा काळ. बाहेरून माल येणे मुश्किल. अशा दिवसांत कुणीतरी एका लहान मुलीसाठी एकोणीस भांडी मिळवली आणि एकोणीसही भांड्यांवर नाव घालून घेतले.

त्याने सगळ्यांचे बाराशे सांगितले. मी सात निवडले. चांगल्या घाटाचे, न चेपलेले, आणि माझ्या नियमाप्रमाणे एक सुंदर झाकणही. पाचशेला सौदा पटवला. तो म्हणाला, "सगळींच व्हर सायबा, सवाय करून दितां." मी म्हटले, पुढच्या शुक्रवारी बघू. बारा नग चेपलेले होते, माझ्याकडे तसली होतीही. सातशे रुपये वाचवले याचा आनंद बसमध्ये बसेपर्यंत टिकला, घरी पोचेपर्यंतही टिकला.

घरी येऊन घासूनपुसून मांडली तेव्हा ते झाकण सातांतल्या एकाही भांड्यावर बसेना. त्याचे भांडे त्या बारांत राहिले होते. चेपलेले होते म्हणून मी न घेतलेले.

पुढच्या शुक्रवारी लवकर सुट्टी टाकून गेलो. म्हातारा होता. भांडी नव्हती. "तीं काल मोडवाल्यान व्हेलीं," तो म्हणाला. एकटी गेली नव्हती, दोन हंड्यांच्या पोटात भरून गेली होती. म्हणजे काटा हलायला हंड्यांनी मदत केली. माझे सूत्र तिथेच गोणपाटावर बसले.

सारा रोथेने तीन घरांची दोन केली, पण निदान काहीच मोडीत घातले नाही असे मी स्वतःशी म्हणतो. मी एका मुलीचे एकोणीस नगांचे घर सातावर आणले. ती मुलगी आज असली तर सत्तरीच्या घरात असेल. या पेडण्यात, बार्देशात किंवा डिचोलीत कुठेतरी तिची नातवंडे असतील, आणि घर आवरताना कुणीतरी तो डबा बाहेर काढला असेल.

माझ्याही संग्रहाची वही आहे. रकाने कचेरीतल्यासारखेच: अनुक्रमांक, वर्णन, कुठे मिळाले, किंमत, शेरा. ४१ ते ४७ हे ते सात नग. पहिल्या सहांच्या पुढे शेऱ्याचा रकाना कोरा आहे. ४७ च्या पुढे लिहिले आहे: झाकण, पितळ, व्यास दीड इंच, भांडे नाही.