खिळ्याची परीक्षा

संगणकाची आज्ञावली रचणाऱ्या तरुणाला आज एक शिस्त आवर्जून शिकविली जाते. हजारो ओळींची आज्ञावली पुरी करून मग दोष शोधीत बसू नये. तिचा प्रत्येक लहान घटक वेगळा घ्यावा, त्याला ठरीव सामग्री पुरवावी आणि अपेक्षित उत्तर येते की नाही हे ताडून पाहावे. या रीतीला ‘युनिट टेस्टिंग’ म्हणतात. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 साली ‘जेयुनिट’ हे साधन सिद्ध केल्यावर तिचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु तिच्यामागील विचार संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळीही तो आढळतो.

लॉर्ड वेलस्लीने 1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनीच्या कोवळ्या वयाच्या मुलकी नोकरांना देशी भाषा शिकवून कारभारास लायक करावे, हा त्यातील हेतू. तेथे मराठीचे अध्यापन विल्यम कॅरीकडे आले आणि पंडित वैजनाथ त्याचे साहाय्यक झाले. शिकवावयाचे तर पुस्तके हवीत, आणि पुस्तके छापावयाची तर खिळे हवेत. हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या उत्तरेस, श्रीरामपूर ही त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यातील वसाहत होती. तेथील छापखान्यातून 1805 साली कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरीत निघाले आणि 1810 साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला.

या छापखान्याच्या ओतशाळेचा पाया घातला पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने. 1778 सालच्या हॅलहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने अक्षरे घडविली होती. त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर याने ते काम चालविले.

खिळा घडविण्याची रीत अशी. प्रथम पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. मग ते टोक ज्योतीवर धरून त्यावर काजळी बसवावयाची आणि कागदावर दाबून छाप पाहावयाचा. वळण बिघडले असेल तर पुन्हा कानस. छाप मनासारखा उतरला म्हणजेच पोलादाला पाणी द्यावयाचे, तांब्यावर ठोकून साचा करावयाचा आणि त्यात शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतावयाचे. एका ठशातील चूक कानशीच्या चार घासांनी निघते. तीच शेकडो खिळ्यांत उतरली तर पानोपानी दिसते.

या दक्षतेचे मोल 1812 च्या मार्च महिन्यात कळले. 11 तारखेच्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद जळाला, कॅरीची अनेक हस्तलिखिते नष्ट झाली, खिळे वितळून गेले. परंतु राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेला धातू पुन्हा ओतून थोड्याच आठवड्यांत छपाई सुरू झाली. हस्तलिखिते गेली ती गेलीच. पारखून ठेवलेल्या अक्षरांतून खिळे मात्र पुन्हा उभे करता आले. आज्ञावली मोडून नव्याने लिहावी लागते तेव्हा जपून ठेवलेल्या चाचण्या असाच आधार देतात.

तथापि सुट्या भागाच्या परीक्षेने सारे साधत नाही. मोडी आणि देवनागरी यांना शिरोरेषा आहे. एकेक अक्षर निर्दोष असले तरी शेजारच्या अक्षराशी रेघ जुळली नाही, तर शब्द तुटका दिसतो. आणि रेघ जुळली, तरी वाक्य मराठी झाले की नाही हे ओतशाळा सांगू शकत नाही. तेथे भाषा जाणणारा पंडितच लागतो. आज्ञावलीचेही तसेच आहे. घटक तपासल्यावर त्यांचा सांधा तपासावा लागतो, आणि मूळ काम साधले की नाही, हे ज्याचे काम त्यालाच विचारावे लागते.

कानस कोठे थांबवावी हे मनोहरच्या हाताला ठाऊक होते. हाताला हे ज्ञान येते ते छाप पुन्हा पुन्हा पाहून, आणि स्वतःची चूक इतरांच्या आधी शोधण्याची सवय लावून घेऊनच.