बूच मारलेली नळी

२५ जानेवारी १९८२, सकाळचे ९ वाजून २५ मिनिटं. तुम्ही गिना अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात उभे आहात. न्यूयॉर्क राज्य, ओंटारिओ सरोवराचा दक्षिण काठ. बाहेर जानेवारीतली थंडी, आत एकाएकी धोक्याच्या घंटा. अणुभट्टीतून फिरणाऱ्या पाण्याचा दाब भराभर उतरतोय आणि ‘बी’ स्टीम जनरेटरमधली पातळी चढतेय. समोरच्या माणसांना या दोन काट्यांचा अर्थ कळतो: आत नळी फुटली.

त्या जनरेटरमध्ये ३,२६० नळ्या आहेत. नळ्यांच्या आतून भट्टीचं किरणोत्सारी पाणी वाहतं, वातावरणाच्या दीडशेपट दाबाखाली. बाहेर स्वच्छ पाणी उकळून वाफ होतं आणि ती वाफ टर्बाइनकडे जाते. उष्णता इकडून तिकडे जावी, पाण्याचा थेंबही जाऊ नये, एवढंच नळीचं काम. त्यासाठी तिच्याकडे धातूची भिंत आहे ती जेमतेम १.२७ मिलिमीटरची. जाड केली तर उष्णता अडते, म्हणून ती पातळच ठेवावी लागते.

भट्टी आपोआप बंद होते. ऑपरेटर ‘बी’ जनरेटर तोडून वेगळा करतात. भट्टीचा दाब उतरवायला एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडतात, आणि तो परत मिटतच नाही! तुमच्या पोटात गोळा येतो. तीनच वर्षांपूर्वी थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात असाच अडकलेला व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त वेळ कुणाच्या लक्षात आला नव्हता. इथे तो लगेच ध्यानात येतो आणि त्याच्या वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला जातो. जनरेटरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून थोडी किरणोत्सारी वाफ बाहेर पडते, पण कुणालाही इजा होत नाही. त्या कक्षातल्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण फुटण्याचं कारण या खोलीत सापडणार नाही.

काही आठवडे पुढे चला. जनरेटर थंड झालाय. बाजूच्या छोट्या झरोक्यातून कॅमेरा आत सोडलाय आणि तुम्ही पडद्याकडे बघताय. नळ्यांचं दाट रान. कडेच्या काही नळ्या चेपलेल्या, काही तर चक्क तुटलेल्या. आतल्या बाजूच्या एकीला सुमारे दहा सेंटिमीटरची चीर पडलीय, माशानं आ वासावा तशी. आणि तळाशी, जिथे काहीच असायला नको तिथे, पोलादाचा एक तुकडा. तळहाताहून थोडा मोठा, अर्धा इंच जाड, वजनाला किलोभर.

आता उलटे फिरा.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. इंधन बदलण्यासाठी केंद्र बंद आहे. अंगावर दोन थरांचे कपडे, तोंडावर मास्क, छातीवर डोस मोजणारा बिल्ला. जनरेटरच्या तळाच्या गोल भोकातून खांदे आक्रसून आत जायचं, हातातलं काम उरकायचं आणि मिनिटं भरली की बाहेर. मिळालेला डोस परत देता येत नाही, म्हणून इथे घड्याळ हेच वरिष्ठ. डोक्यावर ट्यूबशीट, म्हणजे नळ्यांची टोकं धरणारी जाड तबकडी, तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. एकेका भोकातून एडी करंटचा प्रोब वर जातो. त्याच्या वेटोळ्यातली वीज नळीच्या धातूत भोवरे उठवते. भिंत कुठे झिजली असेल, चिरली असेल, तर ते भोवरे बिघडतात आणि बाहेर पडद्यावरची रेघ वाकडी होते. ती रेघ वाचणारा माणूस नाडी बघणाऱ्या वैद्याइतका एकाग्र असतो.

कडेच्या काही नळ्यांच्या रेघा वाईट आल्यात. नियमाप्रमाणे त्यांना दोन्ही टोकांना बूच मारायचं. भट्टीचं पाणी त्यात शिरणार नाही, धोका टळला. केंद्राची थोडी ताकद त्यात जाते. नळ्या हाताबाहेर गेल्या तर काय होतं, ते आपल्या तारापूर अणुवीज केंद्रानं पाहिलंय: पहिल्या दोन संचांच्या दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या, जनरेटर बाजूला काढावे लागले आणि २१० मेगावॉटचे संच १६० वर आले.

गिनात मात्र बूच मारलेली नळी वहीतून उतरली, जनरेटरमधून नाही. ती जागच्या जागी उभी आहे. आत प्रोब जाऊ शकत नाही, म्हणून तिची पुढची हालत कुणाला दिसत नाही. बाहेर तो तुकडा वाहत्या पाण्याबरोबर तिला ठोकतोच आहे. आतला दाब गेलेला, बाहेरचा कायम. नळी चेपत जाते, एक दिवस तुटते आणि सुटलेलं टोक शेजारणीवर घासू लागतं. शेजारण चांगली आहे, तिच्यातून भट्टीचं पाणी वाहतंय. प्रोबनं कडेच्या नळ्यांचं दुखणं बरोबर सांगितलं होतं. त्या कडेलाच का झिजतात, हे बाहेरून डोकावून बघणं तेवढं राहिलं. गिनानंतर ते बघणं कामाचा भाग झालं: दिवा, कॅमेरा, चिमटा घेऊन नळ्यांच्या बाहेरची जागा धुंडाळायची, आणि आत नेलेली प्रत्येक वस्तू बाहेर मोजून घ्यायची.

आणखी मागे. १९७५. ‘बी’ जनरेटरच्या पोटात, नळ्यांच्या जुडग्याभोवतीच्या अरुंद फटीवर, तुम्ही वाकलेले आहात. खाली येणाऱ्या पाण्याचा वेग आवरणाऱ्या पोलादी पट्ट्या आता नको आहेत, त्या काढून टाकायचं काम चाललंय. जागा अडचणीची. एक तुकडा कमी भरतोय. फटीत खाली अंधार आहे.

वर कुणीतरी दिवे गुंडाळतंय. झाकण जागेवर बसतं, बोल्टांना पाना लागतो.